अंगी न लागलेला गहू

दुपारची जेवणं आटोपली, भांडी घासून पालथी पडली, की बडोद्याच्या गोत्री भागातल्या आमच्या सोसायटीत एक आळसावलेली शांतता पसरते. कुत्री गाड्यांच्या सावलीत जाऊन झोपतात, वॉचमन खुर्चीतच मान टाकतो, आणि नेमकी त्याच वेळी वरच्या मजल्यावरच्या गुजराती बेनची घरघंटी सुरू होते. आधी एक घरघर, मग ती घरघर हळूहळू एका सुरात स्थिरावते आणि थोड्या वेळानं गॅलरीतून तो वास खाली उतरतो. नुकत्याच दळलेल्या गव्हाच्या पिठाचा, कोमट, किंचित गोडसर, उन्हात वाळलेल्या सुती कपड्यांना येतो त्याच्या जवळपासचा वास. मला उठून खिडकी लावावी लागते, कारण बाबा दुपारचे त्याच खिडकीशी आरामखुर्चीत पडलेले असतात आणि पिठाची धूळ आत येऊ द्यायची नाही, हा आमच्या घरचा जुना नियम. पण खरं सांगायचं तर मी लगेच नाही लावत. हात कडीवर ठेवून क्षणभर तशीच उभी राहते. तेवढ्या वेळात मी फतेगंजच्या माहेरच्या गच्चीवर जाऊन येते.

फतेगंजला आमचं घर लष्कराच्या लाइनींच्या मागच्या बाजूला होतं. दोन खोल्या, एक लांबट स्वयंपाकघर आणि वर गच्ची. सकाळी कडुनिंबांच्या पलीकडून कवायतीचे आवाज यायचे, संध्याकाळी विद्यापीठातून परतणाऱ्या मुलांच्या सायकली दारावरून जायच्या. त्या गच्चीवर दर उन्हाळ्यात वर्षाचा गहू भरला जायचा. बडोद्यात घऊं भरणं म्हणजे एक सणच. आजही काही घरांत तो असतो. जुनी पातळं अंथरून त्यावर गहू पसरलेला, आणि त्या पिवळ्या पसाऱ्याच्या मध्यभागी, डोक्यावरून पदर घेतलेली माझी आई. ती दाणा दाताखाली फोडायची, डोळे मिटून क्षणभर थांबायची आणि मग मान हलवायची. मान हलली की गहू पसंत. पुढे तो निवडायचा, चाळायचा, आणि कीड लागू नये म्हणून दिवेल, म्हणजे एरंडेल, तळहातावर घेऊन दाण्यादाण्याला चोळायचं. आईचे हात कोपरापर्यंत चमकत असायचे. त्या हातांनी तिनं माझ्या गालाला हात लावला की मी ओरडायची, आणि ती हसायची. आता तो चिकट, उग्र वास कुठे मिळाला तर मी उभी राहून घेईन असं वाटतं.

आईची पोळी आमच्या नात्यागोत्यात प्रसिद्ध होती. घडीची, पातळ, तव्यावर टम्म फुगणारी, आणि ताटात पडली की आपोआप पदर सुटणारी. गुजराती शेजारणी तिच्याकडे पोळी शिकायला यायच्या आणि तिच्याकडून हरून जायच्या. कणीक तिंबताना ती बोलत नसे. तेवढाच काय तो तिचा मौनाचा वेळ. तिला शिवणकाम यायचं नाही, गाणं यायचं नाही, शिक्षणही बेताचंच. पण कणकेचा गोळा हातात आला की ती राणी व्हायची. बाबा जेवायला बसले की ती तव्यावरची पोळी थेट त्यांच्या ताटात टाकायची आणि तिच्या चेहऱ्यावर एक उत्सुकता असायची. लग्नाला इतकी वर्षं होऊनही ती त्यांचा पहिला घास पाहायची.

आणि बाबा? बाबा काडीसारखे बारीक. गोरव्याच्या एका इंजिनीअरिंग कारखान्यात ते ड्रॉइंग ऑफिसात होते. दिवसभर उंच टेबलावर वाकून यंत्रांच्या भागांच्या रेषा काढायचे. शर्टाची कॉलर गळ्याभोवती अशी उभी राहायची की आत आणखी एक गळा मावला असता. पट्ट्याला ते स्वतःच खिळ्यानं नवी भोकं पाडून घेत. आमचे पूर्वज संस्थानच्या पायदळात होते. बैठकीत खापरपणजोबांचा फोटो होता, भरदार छाती, मिशांचे आकडे, तलवारीच्या मुठीवर पंजा. पाहुणे आधी तो फोटो बघायचे, मग बाबांकडे, आणि मग ठरलेली थट्टा करायचे. बाबाही हसायचे. आई मात्र हसत नसे. कारण त्या थट्टेचं दुसरं टोक तिच्यापाशी येऊन टोचायचं.

ते टोचण्याचं काम विशेषकरून माझी आत्या करायची. बाबांची थोरली बहीण, दांडिया बाजारात राहायची. वाईट बाई नव्हती; भावावर तिचा जीव होता. पण दर भेटीत ती बाबांच्या मनगटाभोवती आपली दोन बोटं फिरवून बघायची आणि आईकडे वळून म्हणायची, की माझ्या भावाचं खाल्लेलं अंगी का लागत नाही कोण जाणे. एवढंच. त्यात आरोप कुठे दिसायचा नाही, आणि सगळा आरोपच असायचा.  त्या दिवशी रात्रीच्या पोळीवर तूप थोडं जास्त पडायचं, आणि आई बाबांना आग्रह करकरून वाढायची.

बाबा जेवणानंतर गॅलरीत येरझाऱ्या घालायचे. एक हात पोटावर. आम्हाला वाटायचं ही त्यांची शतपावली. पोटात गाडी चालली आहे, असं ते गमतीनं म्हणायचे. ओवा, हिंगाचं पाणी, जिऱ्याचं पाणी, ज्यानं जे सांगितलं ते घरात होऊन गेलं होतं. एखाद्या माणसाचं पोटच तसं असतं, असं धरून आम्ही सगळे चालत होतो. घरातल्या एखाद्या दाराची कुरकुर जशी काही वर्षांनी ऐकू येईनाशी होते, तसं बाबांचं दुखणं आम्हाला दिसेनासं झालं होतं.

निवृत्ती जवळ आली तेव्हा मात्र ते फारच ओढल्यासारखे दिसू लागले. माझं लग्न होऊन मी गोत्रीला आले होते. फतेगंजला गेले की दर खेपेला ते मला आणखी फिकट वाटायचे. कारखान्याच्या जिन्यावर मधेच थांबून दम घ्यावा लागतो, हे त्यांच्या सहकाऱ्यानं सांगितलं, त्यांनी स्वतः नाही. रक्त कमी निघालं. लोहाच्या गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, बीट आणि खजूर झाले. रक्त काही वाढेना. मग एक दिवस अंगणात स्कूटर स्टँडला लावताना तोल गेला, नुसता हात टेकला, आणि मनगट मोडलं. प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरांनाच संशय आला. एवढ्याशा पडण्यानं हाड मोडतं, रक्त भरत नाही, वजन नाही, तेव्हा मूळ पोटात असेल, असं म्हणून त्यांनी पोटाच्या डॉक्टरांकडे धाडलं. रक्ताची एक वेगळी तपासणी झाली, मग दुर्बीण घालून आतड्याचा इवलासा तुकडा काढून तपासला.

तो पोटाचा डॉक्टर तरुण होता, मृदू बोलायचा. त्यानं आम्हा तिघांना समोर बसवून समजावलं. आतड्याला आतून मखमलीसारखी बारीक लव असते, अन्नातलं सत्त्व तीच शोषून घेते. बाबांची ती लव झिजून सपाट झाली आहे. या आजाराला सिलिॲक म्हणतात. गहू, जव यांच्यातला जो चिकटपणा असतो, ज्याच्यामुळे कणीक ताणली तरी फाटत नाही, पोळी पातळ लाटता येते, तो चिकटपणाच यांच्या शरीराला शत्रू वाटतो, आणि त्याच्याशी लढताना शरीर आपलंच आतडं जखमी करून घेतं. यावर औषध नाही. गहू बंद, आयुष्यभरासाठी, कणभरसुद्धा नाही. तेवढं सांभाळलं तर ती लव पुन्हा उगवते, माणूस चांगला होतो.

बाबांनी मान डोलावली. चांगलं होणार, एवढंच त्यांनी ऐकलं असावं. आईनं मात्र आधी असं काहीतरी म्हटलं, की मी गहू स्वतः निवडून, चाळून घेते. डॉक्टर म्हणाला, त्यात स्वच्छतेचा प्रश्न नाही. मग तिनं विचारलं, हे कधीपासून असेल?

"घणां वरसोथी हशे, बेन," डॉक्टर सहज म्हणाला.

पुष्कळ वर्षांपासून. त्याला काय माहीत, आपण काय बोललो ते. आईनं पदर सारखा केला आणि उठली. आम्ही रिक्षानं घरी निघालो. कमाटीबागेवरून, पुलावरून रिक्षा गेली. वाऱ्यानं तिच्या कपाळावरचे केस उडत होते आणि ते मागे सारायचंही तिला सुचत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तेव्हा तिनं गव्हाचं पीप उपसायला घेतलं होतं. उन्हाळा सरत आला होता, पीप काठोकाठ भरलेलं होतं. दिवेल लावलेला तो गहू तिनं समोरच्या घरातल्या गुजराती बेनकडे देऊन टाकला. घरघंटीही त्यांच्याकडेच गेली. मग पोळपाट-लाटणं निघालं. लाकडाच्या चिरांत पीठ बसलेलं असतं, कितीही धुतलं तरी जात नाही, हे तिनं डॉक्टरला विचारून घेतलं होतं. चाळणी गेली, कणकेचा डबा गेला, रवा, शेवया, दलिया, मैदा, सगळं गेलं. लग्नात माहेरहून आलेला जाड तवा तिनं घासून घासून पांढरा केला आणि तरीही मन मानेना म्हणून तोही दिला. हे सगळं तिनं एक थेंब अश्रू न काढता केलं. मी म्हटलं, तुझ्यापुरता गहू ठेव की थोडा. ती म्हणाली, या घरात नको. हा आजार रक्ताच्या नात्यात उतरतो म्हणून पुढे माझीही तपासणी झाली. माझा निकाल चांगला आला असं मी फोनवर सांगितलं तेव्हा आईनं तेच मला दोनदा म्हणायला लावलं. मग फोन ठेवल्याचा आवाज आला.

त्यानंतर आईचा हात भ्याला. दुसरा शब्द मला सुचत नाही. डोळ्यांनी मीठ मोजणारी बाई वरणात काय घातलं तर चालेल ते विचारू लागली. सकाळी वरणभात, संध्याकाळी भातवरण. काहीही नवं करायचं झालं की डबा हातात घेऊन दिव्याखाली धरायची. बाजारच्या हिंगाच्या पुडीत हिंगाला सुट्टं ठेवण्यासाठी मैदा मिसळलेला असतो, हे कळलं त्या दिवशी ती स्वयंपाकघरात पाटावर खाली बसली. "हिंगसुद्धा?" एवढंच म्हणाली. इतकी वर्षं बाबांचं पोट दुखलं की तिनं त्यांना हिंगाचंच पाणी दिलं होतं.

भाकरी तिला येत नव्हती. लहानपणापासून बडोद्यात वाढलेली, फुलक्यांच्या आणि पोळ्यांच्या शेजारात. आमच्याकडे बाजरीची भाकरी संक्रांतीला व्हायची आणि तीही थापता थापता तुटायची. शेवटी समोरच्या बेन मदतीला आल्या. त्या मूळच्या काठियावाडच्या. त्यांचा रोटला परातीत थापला जात नसे; दोन्ही तळहातांमध्ये तो हवेतच फिरायचा, टप टप टप, आणि बघता बघता थाळीएवढा व्हायचा. आई त्यांच्या शेजारी बसून ज्वारीचं पीठ मळायची आणि बेन म्हणायच्या, "हजी मसळो, बेन, हजी." अजून मळा. गव्हाच्या कणकेत जो जीव असतो तो या पिठात नाही, इथे सगळा जीव हातानं ओतायचा, असं काहीसं त्यांचं म्हणणं. आईच्या भाकऱ्या कडेनं फाटायच्या, मधे भेगा पडायच्या, उलटताना निम्मी भाकरी तव्यावर आणि निम्मी उलथण्यावर. बाबा त्या सगळ्या मुकाट्यानं खायचे. आई समोर बसायची, पण त्यांच्या घासाकडे बघायची नाही. ते मला फार जाणवायचं.

बाबांचं वजन हळूहळू वाढू लागलं, गालांवर रंग आला. आणि त्याच सुमाराला ती भाखरीची गोष्ट घडली.

बडोद्यात राहणाऱ्या मराठी माणसाला ठाऊक असतं, की आपली भाकरी वेगळी आणि गुजराती भाखरी वेगळी. आपली ज्वारी-बाजरीची, त्यांची गव्हाच्या जाडसर पिठाची, तुपाचं मोहन घातलेली, मंद आचेवर दाबून दाबून बिस्किटासारखी खुसखुशीत भाजलेली. बोलताना मात्र दोन्ही शब्द एकमेकांच्या इतके जवळून जातात की कान चकतो. कारखान्यातल्या एका जुन्या गुजराती मित्रानं बाबांना जेवायला बोलावलं. बाबांनी फोनवर नीट सांगितलं, गहू चालत नाही, फक्त भाकरी चालते. मित्राच्या बायकोपर्यंत त्यातला भाकरी हा शब्द तेवढा पोचला, तोही भाखरी होऊन. त्या दिवशी आई माझ्याकडे आली होती, बाबा एकटेच गेले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचं पोट पार बिघडलं. उलट्या, जुलाब, अंगात ताकद नाही. विचारलं तर म्हणाले, तिथे मी वरणभातच खाल्ला. मग आईनं जे सुरू केलं ते आजही डोळ्यांसमोरून हलत नाही. दोष आपल्याच स्वयंपाकघरात आहे असं तिनं धरूनच टाकलं. एकेक डबा खाली काढला. हळद, तिखट, धणेपूड, सगळं टाकून दिलं. ज्वारीचं पीठ ज्या गिरणीतून दळून आलं होतं तिथे गव्हाचा हात लागला असेल म्हणून पीठ टाकलं. कप्प्यांतले कागद फाडून काढले, फळ्या गरम पाण्यानं धुतल्या, भिंतीतल्या फटी सुई घालून साफ केल्या. खाणं नाही, बसणं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तेव्हा ती ओट्याखाली अर्धी शिरून घासत होती आणि बाबा भिंतीला धरून स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे.

"अगं, राहू दे," बाबा म्हणाले. "तुझ्या घरात काही नाही. मी तिकडे भाखरी खाल्ली."

आई ओट्याखालून बाहेर आली. हातातली घासणी तशीच.

"कळलं नाही तुम्हाला?"

"बघताक्षणीच कळलं होतं."

नळ वाहत होता, तो मी बंद केला. बाबा खालच्या आवाजात सांगू लागले. मित्राची बायको ताटाजवळ तूप घेऊन उभी होती. खास माझ्यासाठी केलं म्हणाली. तिच्या चेहऱ्याकडे बघून नाही म्हणवेना. आई त्यांच्याकडे बघत राहिली. बऱ्याच महिन्यांनी ती त्यांच्याकडे असं सरळ बघत होती.

"मी घालत होते तेव्हा मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "तुम्हाला तर माहीत होतं."

मला वाटलं आता बाबा गप्प बसतील, त्यांची तशी रीतच होती. पण ते दारातच खाली बसले, आणि आयुष्यभर पोटात ठेवलेली गोष्ट त्यांनी काढली. म्हणाले, मला फार पूर्वीपासून वाटायचं. एकादशीला पोट शांत असायचं. खिचडीच्या दिवशी शांत असायचं. पोळी खाल्ली की सुरू व्हायचं. आजार आहे हे माहीत नव्हतं, पण पोळीनं होतं एवढं कळत होतं. आईनं विचारलं, मग बोलला का नाहीत. बाबा जमिनीकडे बघत म्हणाले, की तू एवढ्या हौसेनं करायचीस, पहिला घास बघायला उभी राहायचीस. पोळीला नको म्हणणं म्हणजे तुलाच नको म्हटल्यासारखं वाटायचं.

 आई त्यांच्यासमोर फरशीवर बसली आणि पदरानं हात पुसत, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मला नको म्हणाला असतात तरी चाललं असतं हो."

मी बाहेर जाऊन गॅलरीत उभी राहिले. आतून बराच वेळ दोघांचं हळू आवाजातलं बोलणं येत राहिलं. काय बोलले ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असायचं कारणही नाही. थोड्या वेळानं भात शिजल्याचा वास आला. त्या दिवशी आईनं ठरवून दिलं, की यापुढे कुणाच्याही घरी, कितीही मोठ्या माणसासमोर, स्पष्ट सांगायचं. आणि बाबा खरंच सांगू लागले. आधी पुटपुटल्यासारखं, मग स्वच्छ आवाजात, मराठीत, हिंदीत, समोरचा गुजराती असेल तर "मने घऊं नथी चालता". जन्मभर वाढलेलं मुकाट्यानं खाणारा हा माणूस उतारवयात नाही म्हणायला शिकला, आणि मला वाटतं त्यांच्या गालांवरचा रंग काही अंशी त्या शिकण्याचाही होता.

आत्याचंही इथेच सांगायला हवं. डॉक्टरनं बाबांच्या सख्ख्या भावंडांनीही रक्त तपासून घ्यावं असं सांगितलं होतं. आत्या जन्माची अशक्त, सदा पांढरीफटक, पण माझ्या वयात आता कसली तपासणी म्हणून ती टाळत राहिली. अखेर तिच्या मुलीनं नेली. मग एका सकाळी, मी फतेगंजला असताना, ती न कळवता तिथे आली. चपला काढल्या, बैठकीत न थांबता थेट स्वयंपाकघरात गेली आणि आईच्या समोर बसली. तिलाही तोच आजार निघाला होता.  मनगट पकडून बघायला तिथे बाबा नव्हते. तिनं आईचा हात हातात घेतला.

"वहिनी, तुझ्या हातात काही नव्हतं गं. आमच्या रक्तातच होतं," ती म्हणाली.

आईनं हात सोडवून घेतला. क्षणभर मला वाटलं ती आता काहीतरी बोलेल, साठवलेलं. तिनं उठून ज्वारीच्या पिठाचा डबा काढला, परात आत्यासमोर ठेवली आणि पाणी गरम करायला लावलं. मळायला शिका, म्हणाली, आधी पुष्कळ तुटतात. त्या दुपारी दोघीजणी शेजारी शेजारी बसून भाकऱ्या थापत होत्या. आत्याच्या पहिल्या भाकरीचे चार तुकडे झाले तेव्हा आई हसली. पुष्कळ दिवसांनी हसली.

त्यानंतरची वर्षं मला हिवाळ्यासारखी आठवतात, बडोद्याच्या त्या सौम्य, सोनेरी, लगबग नसलेल्या हिवाळ्यासारखी. आईचा हात पुन्हा धीट झाला. ज्वारीच्या भाकरीला असा पापुद्रा सुटायचा की बेन येऊन उचलून बघायच्या. तांदळाची धिरडी, नाचणीचं आंबील, राजगिऱ्याच्या पुऱ्या, वरईचा भात. एकेक धान्य तिनं जणू नव्यानं ओळखीचं करून घेतलं. संध्याकाळी दोघं कमाटीबागेपर्यंत चालत जायची. थंडीत रस्त्याकडेला ज्वारीच्या कोवळ्या कणसांचा पोंक, म्हणजे हुरडा, भाजायला बसतात. आई आधी पुढे होऊन विचारायची, हा ज्वारीचाच ना, गव्हाचा नाही ना, शेजारी गव्हाचा भाजत नाही ना, आणि खात्री झाली की बाबांना बोलवायची. हिरवा, गरम, धुरकट पोंक द्रोणात घेऊन ती दोघं कट्ट्यावर बसायची. लग्नकार्याला निघताना तिच्या पिशवीत डबा असायचा. लोक पंगतीत वेगवेगळं खात आणि ही दोघं एका कोपऱ्यात आपला डबा उघडून बसत, सहलीला आल्यासारखी. बाबांच्या पँटी कमरेत सैल करून घेताना आई शिंप्याला दोनदा सांगायची, अजून सोडा, अजून भरतील ते.

तिनं स्वतः मात्र पुन्हा गहू खाल्ला नाही. घरात नाहीच, पण माझ्याकडे आली तरी नाही. पुरणपोळी हा तिचा जीव की प्राण. होळीला ती पुरण शिजवायची, वाटायची, त्यात वेलची-जायफळ घालायची, आणि मग ते वाटीत घेऊन दुधाशी चमच्यानं खायची. मी माझ्या घरी बोलावून आग्रह केला तर म्हणायची, सवय मोडली आता. तिची सवय खरोखर मोडली होती की तिनं ती मोडून घेतली होती, हे आम्ही तिला कधी विचारलं नाही.

थोड्या दिवसांच्या आजारानं आई गेली. फतेगंजचं घर दिलं, आणि बाबा माझ्याकडे आले. तब्येत ठणठणीत, या वयाचे त्यांचे मित्र काठी टेकत येतात आणि हे त्यांना सोडायला फाटकापर्यंत चालत जातात.

आईचं वर्षश्राद्ध आलं. बाबा मला आठवडाभर आधी म्हणाले, "तिच्या पानात पुरणपोळी वाढ. गव्हाची." मी म्हटलं, तांदळाच्या पिठाची करते, तुम्हाला धोका नको. ते ऐकेनात. ज्या माणसाला मी लहानपणापासून कशालाही हो म्हणताना पाहिलं होतं, तो माणूस म्हणाला, नाही, गव्हाचीच. सकाळपासून मी बाहेर बसेन, नंतर तू ओटा धुऊन घे.

बाबा राहायला आल्यापासून माझ्याही घरात गहू नव्हता; मी नवं पीठ आणलं, जवळजवळ विसरलेल्या हातानं कणीक तिंबली, पुरण भरून पोळ्या लाटल्या. आईसारख्या झाल्या नाहीत. कडा जाड राहिल्या. पान वाढून मी पाटासमोर ठेवलं तेव्हा बाबा दाराच्या बाहेर, उंबऱ्यापासून चार हात लांब उभे होते. वरण, भात, भाजी, खीर, तूप सोडलेली पोळी. ते सगळं ते तिथूनच बघत होते. मऊ झालीय ना, त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

"माझ्यासाठी सोडली तिनं," ते म्हणाले. "तू खा, असं एकदाही माझ्या तोंडून गेलं नाही." मग पानाकडे बघत म्हणाले, "एकच काय वाढलीस? अजून एक वाढ."

मी दुसरी वाढली. वर तूप सोडलं. त्यांनी लांबूनच हात जोडले आणि ते गॅलरीत जाऊन बसले. दुपारी सगळं धुऊन-पुसून झाल्यावर मी त्यांचं ताट वाढलं, आणि ते सावकाश, चवीनं जेवले.

एखाद्यानं दुसऱ्यासाठी सोडलेली चव कुठे जात असेल, असा विचार त्या दिवसापासून मधूनमधून माझ्या मनात येतो. जिभेवर तर ती राहत नाही. फतेगंजच्या घरात आता दुसरं कुणी राहतं, त्यांच्या गच्चीवर कपडे वाळत असतात, समोरच्या बेनही मुलाकडे परगावी गेल्या. त्या स्वयंपाकघरात दोन माणसं कितीतरी वर्षं एकमेकांसाठी मुकाट्यानं काहीतरी गिळत राहिली, हे आता तिथल्या भिंतींनाही ठाऊक नसेल. पण बाबा जेवायला बसले की मी कधीकधी हातातलं काम थांबवते. त्यांची पाठ भरली आहे, मनगटं भरली आहेत. काळ माणसाकडून पुष्कळ काही काढून घेतो आणि एखादी गोष्ट फार उशिरानं परत करतो. परत मिळते तेव्हा ती पाहायला निम्मी माणसं उरलेली नसतात. जी उरतात त्यांनी ती पाहून घ्यावी. मी पाहून घेते. बाबांना ते कळतं, आणि ते भाकरीचा पुढचा तुकडा मोडतात.